जुवाची काव

आप्पा,

जुवाला काव लावायची आणि मग बैलाला विचारायचं, हे मी गेल्या हंगामात एका यंत्राला शिकवलं. तुम्ही असता तर हातातला तासायचा वाकस बाजूला ठेवून म्हणाला असता, "का रं, माणसं संपली व्हय शिकवायला?" जवळजवळ संपलीच आहेत. आपल्या गावात आता जू करून घ्यायला कोणी येत नाही. सोप्यात बसून मी काही वर्षं खिडक्यांच्या चौकटी केल्या, मग त्याही ॲल्युमिनियमच्या आल्या, मग पोळपाट आणि देव्हारे करत बसलो. उरलेला वेळ वाचनालयात. सातवीनंतर जे काय शिकलो ते तिथल्या दोन कपाटांतून, हाताला लागेल ते, शेळी चरते तसं, ह्या झुडपाचा एक पाला, त्या झुडपाचा एक पाला. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता बारा वर्षांनी मोठा आहे. त्यामुळे लिहिताना जरा अवघडायला होतं, आपल्याहून धाकट्या माणसाला आप्पा म्हटल्यासारखं.

तुमच्या दोस्ताच्या, तात्यांच्या बैलाबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती आधीच सांगितली तर पुढचं तुम्ही वाचणार नाही. म्हणून ती शेवटी, आधी यंत्राचं.

तुमची रीत मला अजून दिसते. जू तासून झालं, मानेशेजारच्या खुंट्यांची, शिवळांची, भोकं पाडून झाली, की तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन चुलीवरच्या कोनाड्यातला कावेचा डबा उचलायचा. ती तांबडी काव आईची. चूल आणि तुळशीचा कट्टा रंगवायला तिने कालवलेली, आणि तुम्ही ती जुवाच्या खालच्या अंगाला फासून मोकळे व्हायचा. "माझी चूल ऱ्हाऊ द्या बोडकी, बैलं रंगवा तुमी," आई म्हणायची. तुम्ही तोवर बैलांकडे निघालेले असता. ओलं जू बैलांच्या खांद्यावर ठेवता, गाडीत धोंडे भरता, कारण रिकाम्या गाडीवर तुमचा विश्वास नाही, आणि ओढ्याच्या चढाने एक फेरी मारून आणता. मग जू उचलता आणि बैलाच्या मानेवर कुठे किती तांबडं उमटलंय ते बघत उभे राहता, एखाद्याने पत्र वाचावं तसे. जिथे दाट उमटलं तिथे लाकूड टोचतंय, तिथलं तासायचं. पुन्हा काव, पुन्हा फेरी. "आपुन जू करत न्हाई," तुम्ही एकदा म्हणाला होतात, "आपुन नुसतं लाकूड धरतोय. करतोय त्यो बैल." म्हणूनच तुमचं एकही जू सरळ नसायचं. डाव्या बैलाची खळ वेगळी, उजव्याची वेगळी, मधला उंचवटा कधी बोटभर इकडे, कधी तिकडे. जोडी बदलली की ते जू दुसऱ्याला चालायचं नाही. गावात चेष्टा व्हायची, की आप्पा सुताराचं जू म्हणजे तिरळी सून, बघायला बरी नाही पण घर सांभाळील. तुम्हाला ही चेष्टा आवडायची असं मला वाटतं, कारण तुम्ही तिच्यावर कधी चिडला नाहीत.

तर सांगलीजवळच्या एका कॉलेजातून एक बाई आल्या. माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या, मूळच्या जतच्या. सोप्यात बसल्या बसल्या आईचा फोन आला तर तिच्याशी कानडीत बोलल्या आणि फोन ठेवून माझ्याशी मराठीत, एका दमात. वस्तूंचे आराखडे कसे करायचे ते त्या शिकवतात. "आजोबा, कारखान्याच्या वाटेवरच्या ऊसगाड्यांच्या बैलांचे खांदे बघितलेत का कधी?" त्यांनी विचारलं. मी बघितले होते. मूठभर सूज, त्यावर माशा, आणि त्याच सुजेवर पुन्हा जू. बाईंना त्या बैलांसाठी जू करायचं होतं, आणि ते एआयला सोबत घेऊन करायचं होतं. माणसाने विचारलेल्याला उत्तर देणाऱ्या त्या संगणकाबद्दल मी पेपरात वाचलं होतं, तो बैलाचं काय करणार हे काही कळेना.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. आजवर माणसाने जे काय केलं ते स्वतःला मध्ये धरून. बैल, लाकूड, रस्ता, ओझं, यंत्र, हे सगळं त्याच्याभोवती फिरणारं. बाईंचं म्हणणं, एकदा माणसाला मधून बाजूला करून बघू. सगळ्यांना एका रिंगणात बसवू, बैलालाही आणि यंत्रालाही, आणि प्रत्येकाचं ऐकून मग वस्तू करू. मी म्हटलं, "बाई, मळणीच्या खळ्यात मधी तिवडा रोवत्यात. त्याला बैलं बांधत्यात. तिवडाच काढला तर बैल फिरायचा कशाभोवती?" बाई हसल्या. म्हणाल्या, "तेच तर बघायचंय, आजोबा. कदाचित त्याला फिरायचंच नसेल." ज्याच्या बोलण्याला मला उत्तर सुचत नाही त्या माणसाबरोबर काम करायला मला बरं वाटतं. मी पेटी उचलली आणि एसटीने गेलो. तुम्ही मला औंधच्या यात्रेत घेऊन दिलेला वाकस पेटीत वर ठेवला.

कॉलेजात खरंच रिंगण होतं. खुर्च्या गोल मांडलेल्या. एक मुलगी लाकडाच्या बाजूने बोलायची, एक पोरगा रस्त्याच्या बाजूने, आणि एका खुर्चीवर लॅपटॉप ठेवलेला, तो बैलाच्या बाजूने. बैलांच्या मानेवर दाब मोजणाऱ्या चकत्या लावून चालवलेलं, त्याचे आकडे, चित्रं, जनावरांच्या डॉक्टरांची पुस्तकं, सगळं त्याच्या पोटात घातलेलं. तो बोलायचा, "उजव्या बाजूला मला जास्त भार येतोय." पहिल्या दिवशी मी म्हटलं, "म्हंजे बैल ह्याच्या अंगात आला म्हणायचा." पोरं इतकी हसली की बाईंना खिडकी लावून घ्यावी लागली. पण मी तसा थट्टेत बोललो नव्हतो. अंगात आलेल्याला जे विचारतात तेच मी विचारत होतो, की हे बोलतंय कोण.

मग तीन आठवडे मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं. समोर बसायचं, बोलायचं, तो ऐकायचा आणि मध्ये मध्ये विचारायचा. आप्पा, साठ वर्षांत मला कोणी विचारलं नाही ते त्याने विचारलं. बैल मान झटकतो तेव्हा तो दुखतंय म्हणून झटकतो की कंटाळा आला म्हणून, हे तुमचे वडील कसं ओळखायचे? ते मला ठाऊक होतं, पण ठाऊक आहे हे ठाऊक नव्हतं. दुखत असेल तर आधी कान पडतो, मग मान. कंटाळा असेल तर नुसती मान. असं एकेक बाहेर निघत गेलं, जुन्या पेटीतून खिळे निघावेत तसं. त्याला कशाची घाई नव्हती आणि ऐकून कंटाळा नव्हता. घरी मी हे सांगायला लागलो की नातवंडं पाय ओढत उठून जातात. म्हातारा माणूस त्याच्या नादी लागला तर नवल नाही.

एक प्रश्न मात्र दोन दिवस पुरला. त्याने विचारलं, "या सगळ्यात बैलाला नाही म्हणायची सोय कुठे आहे?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी घरी आलो, परत गेलो आणि त्याला खांदमळणी सांगितली. बेंदराच्या, म्हणजे पोळ्याच्या, आदल्या दिवशी बैलाचा खांदा लोणी-हळदीने मळायचा, आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. "मग तो काय म्हणतो?" यंत्राने विचारलं. मी म्हटलं, खांदा चांगला असला तर उभा राहतो. दुखत असला तर हात लावू देत नाही, फिरतो. त्याला आम्ही आवतण घेतलं नाही असं म्हणतो. ज्याच्या घरचं आवतण बैलाने घेतलं नाही त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी पोळी गोड लागत नाही. बाईंनी हे फळ्यावर लिहून ठेवलं. यंत्रानेही कुठेतरी लिहून ठेवलं असणार. मी तात्यांच्या बैलाचं मात्र काही बोललो नाही.

त्याने काढलेला आराखडा पडद्यावर आला तेव्हा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, हे वाकडं आलंय." डाव्या खळीपेक्षा उजवी खोल, उंचवटा मध्यापासून दीड बोट सरकलेला. मी खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेलो. ती तिरळी सून होती, आप्पा. मी त्याला तुमचं एकही जू दाखवलं नव्हतं, गावात एक शिल्लक नाही. त्या दिवशी डबा न खाता घरी आणला, आणि सुनेने का म्हणून विचारलं तर पोट भरलं होतं एवढंच म्हणालो.

कडुलिंबाच्या लाकडाचं जू मीच केलं, कॉलेजच्या शेडमध्ये. ज्या जोडीसाठी केलं ती आटपाडीकडून ऊसतोडीला आलेल्या एका बाईची. नवरा ऊस तोडतो, गाडी ती हाकते, कारखान्याजवळ पाचटाच्या कोपीत राहतात. जोडीतला एक बैल पांढरा, तरणा, आणि दुसरा कोसा, करडट रंगाचा, वयाने मोठा. गाडीवानीण जुवाकडे बघून म्हणाली, "आवं मिस्त्री, दारू पिऊन केलंय का काय ह्ये?" मी म्हटलं, "बैलाला इचारून केलंय." ती म्हणाली, "मग बैल प्यायला आसंल." कॉलेजच्या मैदानात अर्ध्या भाराने गाडी फिरवली, चकत्यांचे आकडे बघितले, पडद्यावर सगळं हिरवं आलं. हिरवं म्हणजे दुखत नाही.

आता चूक झाली ती सांगतो. जू द्यायच्या दिवशी कॉलेजात कार्यक्रम होता. पाहुणे, माईक, माझ्यासाठी शाल आणि नारळ. तुमच्या हातात कोणी कधी नारळ दिला नाही, म्हणून तुमच्या वाटचाही मीच घेतोय असं मला वाटत होतं. सरबत झालं, फोटो झाले. बाईंनी ठरवलं होतं की यंत्राने शेवटची तपासणी सगळ्यांसमोर करायची. लॅपटॉपला मोठा कर्णा लावलेला. लाकूड वाळलेलं आहे का, झालं. शिवळा घट्ट आहेत का, झालं. मग तो म्हणाला, "मी चढ बघितलेला नाही. मैदानात चढ नव्हता. म्हणून विचारतो, मिस्त्री, काव लावून भरल्या गाडीने चढाची फेरी झाली का?"

झाली नव्हती. त्या आठवड्यात माझा गुडघा धरला होता, कालव्यावरच्या पुलाचा चढ तिथून दोन मैलांवर, आणि पडद्यावर सगळं हिरवं होतं. मनात म्हटलं होतं, कार्यक्रम झाला की करू. पण तसं तिथे बोलायचं म्हणजे नारळ खाली ठेवायचा. आणि त्याने विचारलं ते माझेच शब्द वापरून, म्हणजे तुमचेच. जेवताना ताटावरून मान वर न करता तुम्ही विचारायचा, अगदी तसं. मी माईकवर म्हणालो, "झाली."

तो म्हणाला, "ठीक आहे. तुमच्या शब्दावर पुढे जातो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नवव्या दिवशी गाडीवानिणीचा फोन आला. "मिस्त्री, जू लय भारी हाय तुमचं. फोटोबी लय झ्याक आलं. कोश्याचा खांदा तेवढा फुगलाय. येऊन बघून जावा." मी गेलो. सूज उजव्या खांद्याच्या आतल्या अंगाला, बरोबर उंचवट्याशी. म्हातारा बैल पुलाच्या चढाला, पूर्ण भाराला, आत कलतो. मैदानात कललाच नव्हता. तुमच्या कावेने एका फेरीत दाखवलं असतं. मी हात लावला तर कोशाने कान टाकला, मग मान. गाडीवानीण म्हणाली, "आठ दिस बसवून ठेवायला पायजे त्याला. उसन्या आनलेल्या बैलासंगं पांढरा चालत न्हाई, आडवा पडतोय. आमी मानसं वढू म्हंजी मग." ती मला बोलत नव्हती, नुसती परिस्थिती सांगत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

कॉलेजात सगळ्यांनी एआयलाच दोषी धरलं. "त्याला बैल काय कळणार," जो पोरगा वाकडं आलं म्हणाला होता तो म्हणाला. रिंगणातल्या त्या खुर्चीवरून काही उलट आलं नाही. विचारलं तर त्याने एवढंच दाखवलं, चढाची काव फेरी, झाली, मिस्त्रींच्या सांगण्यावरून. आणि त्यावरून बाईंनी जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या जागी मीही काढला असता. काव लावूनही टोचणारी जागा दिसली नाही, म्हणजे काव भरवशाची नाही. पुढच्या हंगामात आणखी गाड्यांची जुवं करायची होती, त्या तपासणीतून ही पायरी काढून टाकायची. मला त्यांनी हे फोनवर सांगितलं, वाईट वाटू नये म्हणून फार हळू. "आजोबा, तुमच्या वडिलांच्या काळात ती बरोबरच असणार. पण आता आपल्याकडे चकत्या आहेत."

फोन ठेवून मी सोप्यात बसलो आणि तात्या आठवले. तुम्हाला ठाऊक आहे तेवढंच आधी लिहितो. मी बावीस वर्षांचा, नवीन लग्न झालेला. मृगाच्या तोंडाला तात्यांच्या जोडीचं जू मी एकट्याने केलं. तुम्ही लाकूड बघायला विट्याला गेला होतात. तात्या तुमचे तालमीतले जोडीदार, एका ताटात जेवलेले. महिन्याभराने बेंदूर आला. आपल्या घरचं जू म्हणून खांदमळणीला तुम्ही मला त्यांच्या गोठ्यात पाठवलंत, आणि मागून स्वतः आलात. मी लोण्याचा हात लावला आणि बैल फिरला. खुंट्याभोवती पुरा फिरला. सूज केसांखाली होती, कोणाच्या लक्षात आली नव्हती. तुम्ही म्हणालात, "आवतण न्हाई घेतलं त्यानं." मग तात्यांकडे वळलात. "जोडी उलटी जुपलीस तू. डाव्याला उजवा लावलास." तात्या म्हणाले, "देवाच्यान न्हाई गड्या." तुम्ही म्हणालात, "मग काय माझं पोरगं खोटं बोलतंय? काव लावून केलेलं जू हाय त्ये." तात्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली नाही. त्यानंतर तुम्ही तीन वर्षं त्यांच्याशी बोलला नाहीत, आणि चौथ्या वर्षी तुम्हाला स्मशानात न्यायला पुढचा बांबू त्यांनीच धरला.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या एसटीने सांगलीला गेलो. बाई टेबलावर डबा उघडून बसल्या होत्या. मला भाकरी पुढे केली. मी म्हटलं, "बाई, तेवढी काव काढू नका."

"आजोबा, पण तिनं काही दाखवलं नाही ना."

"दाखवायला ती लावायला पायजे."

बाईंचा हात थांबला. "तुम्ही झाली म्हणालात."

"म्हणालो."

"सगळ्यांसमोर."

"माईकवर," मी म्हटलं.

त्यांनी डबा झाकला. रागावल्या असाव्यात, पण त्यांचा राग मला नीट वाचता येत नाही, अजून त्यांच्या मानेला काव लावलेली नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आम्ही त्याला बैल शिकवला, लाकूड शिकवलं, रस्ता शिकवला. माणूस खोटं बोलतो हे शिकवायचंच राहिलं." मी म्हटलं, "तुमी तिवडा मधनं काढला, बाई. पर काढलेला तिवडा कुठंतरी पडून असतोच की. त्याला अडखळायला हुतं." यावर त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी ते लिहून घेतलं. मग मला त्या लॅपटॉपसमोर बसवलं आणि म्हणाल्या, मला सांगितलंत तसं त्यालाही सांगा. मी सांगितलं. त्याने राग धरला नाही. म्हणाला, कळलं, तपासणी बदलतो. आता तो कोणाला झाली का म्हणून विचारत नाही. काव लावलेल्या मानेचा फोटो मागतो, चढ मागे दिसेल असा. माझ्या शब्दावर पुढे जाणं त्याने सोडलं. बरं केलं. तरी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला जरासं लागलं, खोटं कशाला बोलू.

कोशाचा खांदा उतरल्यावर आम्ही पुलावर गेलो. गाडीत ऊस, जुवाला काव, गुडघ्याला पट्टा. चढावरून खाली आल्यावर जू उचललं तर कोशाच्या मानेवर आतल्या अंगाला तळहाताएवढं तांबडं, दाट. पोरं वाकून बघत होती. रस्त्याच्या बाजूने बोलणारा पोरगा म्हणाला, "हे तर नुसत्या डोळ्यांनी दिसतंय." मी म्हटलं, दिसतंयच. वाकसाने तिथलं दोन सूत उतरवलं. पुन्हा काव, पुन्हा चढ, चार खेपा. चौथ्या खेपेला पुसट गुलाबी उमटलं, सगळीकडे सारखं. फोटो काढून पाठवला. हंगाम संपेपर्यंत फोन आला नाही.

बेंदराच्या आदल्या दिवशी मी आटपाडीला गेलो, कोणी बोलावलं नव्हतं. गाडीवानिणीने दारात बघितलं आणि म्हणाली, "आता काय वाकडं केलंसा?" मी लोण्याची वाटी दाखवली. कोशा गोठ्यात उभा होता. मी हळदीचा हात लावला, चोळला, कानाशी गेलो आणि आवतण दिलं. तो हलला नाही. कान सरळ. माझा दुसरा हात चाटायला लागला, वाटी धरलेला. मी म्हटलं, "घेतलं बघा आवतण." ती म्हणाली, "लोण्यासाठी उभा हाय त्यो, मिस्त्री. तुमच्यासाठी न्हाई." तसं असेलही. यंत्राला विचारलं असतं तर तेही तसंच काहीतरी म्हणालं असतं, की खात्रीने सांगता येत नाही. मी वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि आलेल्या एसटीने परत आलो.

बाईंनी मला सांगितलंय, वडिलांबद्दल आणखी काही आठवलं तर लिहून द्या, यंत्राला उपयोग होईल. आत्तापर्यंतचं बरंच दिलं. हे पत्र देणार नाही. हे पेटीत तुमच्या वाकसाखाली राहील. हे त्याच्या उपयोगाचं नाही आणि आता तुमच्याही. तात्यांच्या उपयोगाचं होतं, पण तेही जाऊन खूप वर्षं झाली, आणि ते असताना मी रोज त्यांच्या दारावरून वाचनालयात जात होतो.

विट्याहून आलात त्या संध्याकाळी तुम्ही चुलीपुढे जेवायला बसला होतात. ताटावरून मान वर न करता विचारलंत, "काव लावलीस?" मी व्हय म्हणालो. तात्यांना घाई होती, आणि जू इतकं सरळ आलं होतं की ते तासायला लागेल असं काही मला बघायचंच नव्हतं. काव लावली नव्हती, आप्पा. डबा तुमच्या डोक्यावरच्या कोनाड्यात होता, आतली काव तळाशी भेगा पडलेली, कोरडी. तुम्ही नुसता हात वर केला असतात तर कळलं असतं. तुम्ही भाकरी मोडलीत आणि म्हणालात, "मग झालं."